दिवाळीत एकट्याने बारी ते खिरेश्वर : सॅकच्या वजनाआधी ठरवायच्या गोष्टी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पस्तीस-चाळीस एक दिवसाचे ट्रेक झालेत, बहुतेक ग्रुपबरोबर. आता दिवाळीच्या सुट्टीत बारीहून निघून कळसूबाई, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि शेवटी खिरेश्वर असा सहा दिवसांचा पल्ला एकट्याने मारायचा आहे. दिवसाला वीस किलोमीटर जमतील का, सॅक किती लिटरची घ्यावी, आणि घरचे बिबट्याला घाबरतात त्यांना काय सांगावं, असं तुम्ही विचारलंय.

सॅक आणि बिबट्या, दोन्हींकडे येतो. पण प्रश्न वाचताना मला दिसतो तो प्रश्न वेगळाच आहे. कात्राबाईच्या जंगलात दुपारी तीन वाजता तुमचा पाय मुरगळला, तर ते दुसऱ्या कुणाला कधी कळेल? ग्रुपमध्ये याचं उत्तर ‘लगेच’ असतं. काहीही न ठरवता एकट्याने निघालात तर उत्तर असतं, ‘सहाव्या दिवशी रात्री, घरी पोचला नाहीत तेव्हा’. एकट्याच्या मोहिमेची सगळी तयारी हे अंतर कमी करण्यासाठी करायची. वाट, वेळ, पाणी, मुक्काम हे सगळं त्या हिशोबात बसवायचं. सॅक कितीही हलकी केली तरी दिवसांची ही फट भरून निघत नाही.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो. या वर्षी पाऊस कधी परतला, गवत कुठवर कापलं गेलंय, दिवाळी ऑक्टोबरच्या मध्याला आहे की नोव्हेंबरात, यावर निम्मा बेत ठरतो. मोसमी पाऊस महाराष्ट्रातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. तो जाता जाता दुपारचे गडगडाटी पाऊस देऊन जातो, आणि त्याच दिवसांत ऑक्टोबर हीटही असते. दिवाळी म्हणजे कोरडी हवा, असंही धरून चालू नका. २०१९ साली ऐन दिवाळीत अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ होतं आणि पाठोपाठ महा आलं. २००९ साली नोव्हेंबरात फयान थेट आपल्या किनाऱ्यावर आलं. त्यामुळे दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यात पडत असेल तर मी हा बेत भाऊबीजेनंतर दोन-तीन आठवडे पुढे ढकलायला सांगेन. नोव्हेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा या पट्ट्यासाठी सगळ्यांत चांगला. तेव्हा रानातले ओढे अजून वाहते असतात आणि दुपार सोसवते. भातकापणी बरीचशी उरकलेली असते, त्यामुळे वाटाही मोकळ्या होऊ लागलेल्या असतात.

आता वीस किलोमीटर. हा आकडा सोडून द्या. स्कॉटलंडच्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ साली एक आडाखा मांडला होता : ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला १ तास जास्तीचा. तो तिकडच्या मोकळ्या डोंगरांसाठी ठीक आहे. पावसाळ्यानंतरच्या सह्याद्रीत, पाठीवर दहा-अकरा किलो आणि वाटेवर कमरेएवढं गवत असताना मी ताशी ३ किलोमीटर आणि दर ३०० मीटर चढाईला १ तास धरतो. म्हणजे १२ किलोमीटर अंतर आणि ८०० मीटर चढ असेल तर ४ तास अधिक २ तास ४० मिनिटं. त्यात दर तासाला १० मिनिटं विश्रांती धरली की पावणेआठ तास होतात. दुपारी तास-दीड तास सावलीत काढायचा आहे, तो धरला की नऊ-सव्वानऊ.

नोव्हेंबरच्या मध्यावर या भागात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो. सव्वाअकरा तास उजेड, आणि खिंडीत किंवा दाट रानात तो अर्धा तास आधीच जातो. सकाळी सातला निघून चारपर्यंत मुक्कामाच्या वाडीत शिरायचं असेल तर १२ किलोमीटर आणि ८०० मीटर ही दिवसाची कमाल मर्यादा झाली. मधले दोन तास शिल्लक वाटतात, पण ते वाट चुकण्यासाठी राखून ठेवलेले आहेत. एकटा माणूस वाट चुकतोच, आणि ती सापडायला दीड-दोन तास जातात. तेवढा उजेड हाताशी असला तर चूक तिथेच संपते, नाहीतर तीच पुढे अपघाताला कारण होते. म्हणून माझा नियम असा की दुपारी दोननंतर कुठल्याही नव्या अवघड टप्प्याला हात घालायचा नाही. खिंड, नाळ (कड्यांमधली अरुंद, उभी घळ), कातळटप्पा समोर उभा राहिला आणि घड्याळात दोन वाजून गेले असतील, तर मुक्काम अलीकडे.

या हिशोबाने तुमचे सहा दिवस असे बसतात. पहिल्या दिवशी बारीतून कळसूबाई करून पुन्हा बारीत मुक्काम. १६४६ मीटरचं शिखर, वाट मळलेली, अवघड जागी लोखंडी शिड्या. सगळी सॅक वर नेण्याचं कारण नाही, पाणी आणि खाणं घेऊन जा. दुसऱ्या दिवशी शेंडीमार्गे रतनवाडी. हा टप्पा बराचसा डांबरी रस्त्याचा आहे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उन्हात डांबरावर चालून तळपायाला फोड आणण्यात काहीच मिळवायचं नाही. जीप घ्या, किंवा भंडारदऱ्याच्या जलाशयातून बोट मिळाली तर तिने जा. तिसरा दिवस रतनगडासाठी ठेवा, वर रमतगमत फिरा, नेढं (कातळाला आरपार पडलेलं भोक) पाहा, त्र्यंबक दरवाजापर्यंत जाऊन या आणि परत रतनवाडीत उतरा. चौथा दिवस कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतचा. पाचव्या दिवशी कुमशेतहून पेठेची वाडी, मुळा नदीचं खोरं ओलांडून पाचनई. सहाव्या दिवशी उजाडताच हरिश्चंद्रगड आणि तोलार खिंडीने खिरेश्वर. सहावा दिवस लांब आहे. सातवा हाताशी ठेवता आला तर गडावर एक मुक्काम वाढवा. बऱ्याच जणांना रतनगड आणि कात्राबाई एका दिवसात करायचा मोह होतो. चार जणांच्या ग्रुपला ते जमतं. एकट्याने करू नका, कारण त्यात दुपारी दोनचा नियम खिंडीच्या तोंडाशीच मोडतो.

चौथा दिवस या सगळ्या पल्ल्याचा कस आहे, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. रतनवाडीतून अमृतेश्वराच्या देवळाकडून वाट निघते, प्रवरेचं पात्र ओलांडते आणि दाट झाडीत शिरते. काही वेळाने फाटा लागतो. एक वाट रतनगडाच्या शिड्यांकडे चढते, दुसरी कात्राबाईकडे जाते. गडाची वाट मळलेली, कारण तिच्यावर दर शनिवार-रविवारी शेकडो पाय पडतात. खिंडीची वाट पावसाळाभर जवळजवळ कुणी वापरलेली नसते. तुम्ही आधीच्या दिवशी गडावर जाऊन आलेले असता, पायांना ती वाट ओळखीची झालेली असते आणि ते आपसूक तिकडे वळतात. तिसऱ्या दिवशी गडावरून उतरतानाच या फाट्यावर पाच मिनिटं थांबा, खिंडीच्या वाटेवर शंभर पावलं आत जाऊन या आणि फाट्याचा फोटो दोन्ही बाजूंनी काढून ठेवा.

त्या वाटेवर तुम्हाला सतत एक प्रश्न सोडवायचा आहे, ही माणसाची वाट की ढोरवाट? ऑक्टोबर-नोव्हेंबरात गुरं रानात चरत असतात आणि ढोरवाटा माणसांच्या वाटांपेक्षा ठळक दिसतात. त्यातला फरक ओळखता येतो. ढोरवाट शक्यतो एकाच उंचीने आडवी जाते, थोड्या थोड्या अंतरावर तिला समांतर फाटे फुटतात आणि ती पाण्याशी किंवा चरणीपाशी विरून जाते. माणसाची वाट चढ-उतार अंगावर घेते, कारण तिला कुठेतरी पोचायचं असतं. नजर जमिनीवरून वर घ्या. गाय-म्हैस जाते तिथे खांद्याच्या उंचीच्या फांद्या तशाच आडव्या आलेल्या असतात. माणूस जातो तिथे छातीच्या-डोक्याच्या उंचीवर फांद्या कोयत्याने तिरक्या छाटलेल्या दिसतात, जुना छाट करडा पडलेला, नवा पांढरट. कातळावरून वाट जात असेल तर दगडाचा काळेपणा पायांनी घासून गेलेला असतो आणि तिरप्या उन्हात तो पट्टा फिकट चमकतो. दगडावर दगड रचलेली खूण आणि झाडावरचा बाण यांचा उपयोग होतो, पण एकट्या खुणेवर विसंबू नका. दुसऱ्या कुठल्या वाटेसाठीही कुणीतरी ती केलेली असू शकते.

पंधरा मिनिटं चालूनही यातली एकही खूण दिसली नाही तर थांबा आणि शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे या. हे लिहायला सोपं आहे आणि करायला फार जड जातं, कारण चढून गेलेला माणूस परत उतरायला तयार नसतो. ‘जरा पुढे वाट सापडेल’ हे वाक्य मनात आलं, की तिथेच सॅक खाली टाका, दोन घोट पाणी प्या आणि मागे फिरा. खाली वाडी दिसतेय, दिवे दिसतायत म्हणून ओढ्याच्या पात्रातून सरळ उतरायला लागणं ही सह्याद्रीतली सगळ्यांत घातक चूक. आपले डोंगर लाव्ह्याच्या थरांचे, पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. ओढा दोनशे मीटर मवाळ उतरतो आणि मग तीस-चाळीस मीटरच्या कोरड्या धबधब्याच्या माथ्यावर आणून सोडतो. तिथपर्यंत पोचताना तुम्ही एक-दोन छोटे कातळटप्पे उडी मारून उतरलेले असता आणि ते परत चढता येत नाहीत. नियम असा, जे चढून परत येता येणार नाही ते एकट्याने उतरायचं नाही.

मोबाइलमध्ये नकाशे आणि इतरांनी नोंदवलेले मार्ग आधीच उतरवून घ्या, फोन विमान मोडवर ठेवा, दहा हजार एमएएचची पॉवर बँक पुरते. पण तो मार्ग कुठल्या महिन्यात नोंदवलाय ते बघा. मे महिन्यात नोंदवलेली रेघ गवत नसलेल्या उघड्या उतारावरून जाते. तोच उतार ऑक्टोबरात पुरुषभर उंच गवताखाली असतो आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. नोव्हेंबरअखेर तेच गवत वाळून पिवळं पडतं आणि उतारावर आडवं झालं की त्यावरून बूट तेलावरून घसरावा तसा घसरतो. आडव्या वाटेवर गवताच्या गाठी धरून चालायची सवय असेल तर मोडा. वाळलेली गाठ मुळासकट हातात येते.

खरं सांगायचं तर, चौथ्या दिवसासाठी रतनवाडीतून एक वाटाड्या घ्या. खिंडीच्या माथ्यापर्यंत तो आला तरी पुरे. पुढे कुमशेतचा उतार तुमचा एकट्याचा. सहापैकी अर्ध्या दिवसासाठी सोबत घेतल्याने एकट्याने केलेल्या भटकंतीचं काही उणं होत नाही. वाटाड्या परतला की तुम्ही किती वाजता खिंडीतून पुढे गेलात हे ठाऊक असलेला माणूस रतनवाडीत असतो, हा त्यातला मोठा फायदा.

इथून सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो : कुणाला कधी कळणार. या पट्ट्यात मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही, खोऱ्यांत तर मुळीच नाही. उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं परदेशातल्या व्हिडिओंत सर्रास दिसतात, पण भारतात ती परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. तेव्हा आपली यंत्रणा माणसांची. रतनवाडी, कुमशेत, पेठेची वाडी, पाचनई ही गावं सोयरिकीने एकमेकांना बांधलेली आहेत. रतनवाडीत ज्यांच्या घरी जेवाल त्यांना सांगा, ‘मामा, उद्या मी कात्राबाईने कुमशेतला चाललोय, तिथे कुणाकडे उतरू?’ नाव मिळतं, बहुतेक वेळा निरोपही आधी पोचतो. मग कुमशेतला कुणीतरी तुमची वाट पाहत असतं आणि संध्याकाळी तुम्ही आला नाहीत तर त्या घरात प्रश्न पडतो. प्रत्येक मुक्कामी हेच करायचं. कित्येक दिवसांची फट अशी एका दिवसावर येते.

घरी एक कागद ठेवून जा. फोनमध्ये पाठवलेला निरोप आयत्या वेळी सापडत नाही, कागदच हवा. त्यावर रोजची वाट, मुक्कामाचं गाव, तिथल्या माणसाचं नाव-नंबर, तुमच्या सॅकचा आणि जॅकेटचा रंग, रक्तगट लिहा. आणि खाली स्पष्ट सूचना : ‘रोज रात्री आठपर्यंत फोन करीन. नाही आला तर घाबरू नका, रेंज नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंतही आला नाही तर मुक्कामाच्या गावी फोन करा. तिथे पोचलेलो नसेन तर बाराच्या आत ११२ या आपत्कालीन नंबरला आणि गिर्यारोहकांच्या बचाव संस्थेला कळवा.’ महाराष्ट्रात गिर्यारोहण संस्थांनी मिळून चालवलेलं महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांचा चालू नंबर निघण्याआधी पाहून कागदावर लिहा. घरच्यांची भीती या कागदाने निम्मी होते, कारण काय करायचं ते त्यांच्या हातात असतं. मग एक पथ्य मात्र तुमच्याकडे : कागदावर लिहिलेली वाट बदलायची नाही. बदलायचीच असेल तर आधी कुणाला तरी सांगून. मदतीला येणारे लोक कागदावरच्या वाटेवर शोधतात.

अडकलात तर शिट्टी. मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा वेळा. रात्री टॉर्चनेही तसंच. ओरडून घसा तासाभरात बसतो, शिट्टी दिवसभर वाजवता येते. ती सॅकच्या छातीच्या पट्ट्याला बांधा, सॅकच्या आत ठेवली तर गरजेला हाताशी येत नाही.

पाणी आणि ऊन. दिवसाला चार ते पाच लिटर पोटात गेलं पाहिजे, आणि सकाळी निघताना पाठीवर तीन लिटर. रानातल्या ओढ्यांना नोव्हेंबरात पाणी असतं, धारेवर आणि उघड्या पठारावर नसतं. हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वरला उतरताना बहुतेकांचं पाणी याच हिशोबात चुकतं. गडावरच्या टाक्यांचं आणि ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा, नाहीतर उकळा. वरच्या अंगाला गुरं बसलेली असतात. ओआरएसचं पाकीट १ लिटरचं असेल तर पूर्ण १ लिटर पाण्यातच करा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं तर ते फार खारट होऊन मळमळतं आणि अंदाजाने अर्धं ओतलं तर प्रमाण बिघडतं. दिवसाला एक ते दोन पाकिटं पुरेत. नुसतं साधं पाणी पाच-सहा लिटर पीत राहिलं आणि मीठ पोटात गेलं नाही, तरी डोकं दुखणं, मळमळ, गळून जाणं सुरू होतं आणि माणूस आणखी पाणी पितो.

उन्हाचा त्रास एकट्याला आधी डोक्यात होतो. चिडचिड, घाई, नकाशा न बघता पुढे जाणं, वाट चुकलीय हे कबूल न करणं, ही सगळी लक्षणं आहेत. ग्रुपमध्ये दुसरा कुणी म्हणतो, ‘अरे, बस जरा.’ तुम्हाला ते म्हणणारं कुणी नाही. म्हणून घड्याळात दर पन्नास मिनिटांचा गजर लावा आणि गजर झाला की बसायचंच, बरं वाटत असलं तरी. पाणी, चिमूटभर मीठ-साखरेचं काहीतरी, बूट काढून मोज्यांत गेलेली कुसळं काढणं, नकाशावर स्वतःची जागा शोधणं. दहा मिनिटांत हे चारही होतं. बारा ते दीड सावलीत.

वीज हा ऑक्टोबरचा खास धोका. लख्ख दिसली आणि गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. धारेवरून, शिखरावरून, आणि हो, लोखंडी शिड्या-रेलिंगवरून ताबडतोब उतरा. कळसूबाईच्या शिड्या आणि तोलार खिंडीवरचे रेलिंग अशा वेळी अंगाजवळही नकोत. उथळ कपारीच्या तोंडाशी बसणंही धोक्याचं. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबून मगच पुढे. आणि वरच्या बाजूला पाऊस पडून ओढा गढूळ आणि फुगलेला दिसला तर ओलांडू नका. आपले ओढे जितक्या लवकर चढतात तितक्याच लवकर उतरतात, दोन-तीन तास काठावर बसा.

आता सॅक. ४५ ते ५० लिटरची पुरे, पाण्यासकट वजन अकरा किलोपर्यंत. सॅक स्वतः पावणेदोन किलोपर्यंत, १० अंशांपर्यंत चालणारी स्लीपिंग बॅग एक किलो, मॅट साडेतीनशे ग्रॅम, एका माणसाचा तंबू दीड किलो, कपडे सव्वा किलो, राखीव खाणं सव्वा किलो, औषधं चारशे ग्रॅम, टॉर्च-पॉवर बँक वगैरे अर्धा किलो, पाणी तीन किलो. हे भरल्यावर अकरा किलो होतं. स्टोव्ह मी घेत नाही. रोज वाडीत मुक्काम आहे, भाकरी-पिठलं मिळतं, सकाळी दोन भाकऱ्या आणि ठेचा बांधून मिळतो, आणि त्या पैशाचा त्या घराला उपयोग होतो. गडावर आणि जंगलात चूल नको. हा बहुतेक पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि नोव्हेंबरात वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. रात्री गडावर राहता येईल का, तंबू कुठे लावू देतात, याचे नियम बदलत राहतात, ते वनखात्याच्या नाक्यावर विचारूनच ठरवा.

राखीव खाणं म्हणजे दोन दिवस अडकलात तर लागणारं. शेंगदाण्याची चिक्की (शंभर ग्रॅममध्ये पाचशेच्या आसपास कॅलरी), खजूर, भाजलेले शेंगदाणे. दिवाळीचं फराळ न्यायचं तर शंकरपाळे न्या, ते मोडत नाहीत आणि टिकतात. चिवडा जागा खातो आणि तहान वाढवतो. तंबू रोज वापरायचा नसला तरी घ्या. वाडीला पोचता आलं नाही त्या एका रात्रीसाठी तो आहे. या दिवसांत दव इतकं पडतं की तंबूचं बाहेरचं कापड पहाटे भिजून जड होतं आणि आतूनही थेंब धरतात. दोन्ही बाजूंच्या झडपा थोड्या उघड्या ठेवा, नाहीतर स्लीपिंग बॅग ओली होते. सकाळी नऊपर्यंत गवतही ओलं असतं, त्यामुळे एक मोज्याची जोडी सकाळसाठी आणि दुसरी कोरडी नऊनंतरसाठी. ओल्या मोज्यांनी उन्हात चाललं की टाचेला फोड ठरलेला. टाच चुरचुरली की तिथेच थांबून कागदी चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर लावून फार उपयोग नसतो. पोटरीपर्यंत गेटर (बुटाच्या वरून पाय झाकणारं कापडी आवरण) घाला, कुसळं आणि खाजकुयली दोन्हींपासून वाचाल. खाजकुयलीची लव लागली तर चोळू नका, चोळलं की ती आत रुतते. त्या जागेवर चिकटपट्टी दाबून ओढून काढा, दोन-तीनदा, मग पाण्याने धुवा.

बिबट्या. तो या पट्ट्यात आहे, आणि दिवसा चालणाऱ्या मोठ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही. अंधारात चालू नका, एवढंच त्याच्यासाठी पुरे आहे, आणि ते तर वेळेच्या हिशोबातच बसलंय. इथल्या आदिवासी वाड्यांत दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात, वाघदेवाची पूजा करतात. त्या दिवशी रतनवाडीकडे असाल तर विचारून जरूर थांबा. रानात राहणारी माणसं वाघाकडे कशी बघतात ते तिथे दिसेल आणि तुमची अर्धी भीती जाईल.

भीती बाळगायचीच तर आग्या मोहोळाची बाळगा. कड्यांच्या पोटात आणि उंच झाडांवर ही पोळी असतात. अत्तर, डिओ, सुवासिक क्रीम सहा दिवस बंद. कड्याखाली मोठा आवाज नको, धूर तर नकोच. हल्ला झालाच तर हात झटकत उभे राहू नका, तोंड झाकून दाट झाडीतून पळा. सॅक पाठीवरच राहू द्या, पाठ झाकते. लांब गेल्यावर काटे नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढा. श्वास लागणं, ओठ-जीभ सुजणं, चक्कर येणं यातलं काहीही झालं तर सेटिरिझिनवर (ॲलर्जीच्या गोळीवर) थांबू नका, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन आणि जवळच्या रस्त्याकडे. मधमाशीची ॲलर्जी आधीपासून माहीत असेल तर हा पल्ला एकट्याने करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सापांचं म्हणाल तर घोणस आणि फुरसं वाटेवर, दगडाच्या उबेला असतात. मण्यार रात्री येतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. चावा बारीक असतो, कित्येकदा कळतही नाही. ओसरीत झोपलात तरी तंबूची आतली जाळी लावून चेन पूर्ण बंद करून झोपा, सकाळी बूट झटकून घाला. साप चावलाच तर आवळपट्टी, चिरा, चोखणं यातलं काही नाही. अंगठी-घड्याळ काढा, चावलेला भाग हलवू नका, वेळ लिहून ठेवा, शिट्टी आणि फोन. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर चालतं, त्यामुळे दवाखान्यात पोचणं एवढंच उद्दिष्ट. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना सांगा की गवतातून चालून आलोय. गवतातल्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस होतो, चावल्या जागी बऱ्याचदा काळी खपली दिसते, आणि वेळेत ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो.

मध्येच सोडायची वेळ आली तर रस्ते कुठे आहेत ते पाठ करून ठेवा. रतनवाडी, कुमशेत, पाचनई, तिन्ही ठिकाणांहून राजूरकडे वाहनाने जाता येतं. म्हणजे रोज संध्याकाळी तुम्ही अशा जागी असता जिथून दुसऱ्या सकाळी घरी जाता येईल. हा बेत मला एकट्यासाठी बरा वाटतो तो याच कारणाने. गुडघा दुखतोय, झोप झाली नाही, पोट बिघडलंय, हवामान खात्याचा पिवळा इशारा आहे, यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या तर त्या सकाळी जीप पकडायची, आणि हा निर्णय आदल्या रात्री घ्यायचा.

शेवटच्या दिवसाबद्दल. पाचनईची वाट सोपी, दोन-अडीच तासांत वर. गड बघून दहा-साडेदहाला तोलार खिंडीकडे निघा. देवळापासून खिंडीपर्यंत पठारावर एकामागून एक टेकाडं आहेत, सगळी सारखीच दिसतात, आणि मध्ये बालेकिल्ल्याकडे जाणारा फाटा आहे. धुकं असेल तर इथे लोक तासन् तास फिरत राहतात. धुक्यात शिरू नका, देवळापाशी थांबा, बहुतेक दिवशी ते अकरापर्यंत विरतं. रेलिंगचा कातळटप्पा उतरताना तोंड डोंगराकडे, सॅकचे सगळे पट्टे घट्ट. खिंडीतून खिरेश्वर तास-दीड तास, आणि गावातून धरणाच्या भिंतीने खुबी फाटा साधारण पाच किलोमीटर. सहा दिवसांनंतर सपाट रस्ता लागला की माणूस ढिला पडतो आणि घोटा तिथेच मुरगळतो, तेव्हा काठी फाट्यापर्यंत हातात राहू द्या. पाचनईच्या घरी फोन करून ‘उतरलो’ म्हणून सांगा, मग आपल्या घरी, आणि मग एसटीला हात करा.